तिसरी हाक

पवित्राची एक रीत होती. कुठल्याही बालगृहात गेली की ती आधी कचेरीत जायची नाही. अधीक्षक दारात नारळ घेऊन उभा असला तरी त्याला तसाच उभा ठेवून ती अंगणाच्या मध्यावर जायची आणि एखाद्या पोराला नावानं हाक मारायची.

हाकेला पोर कसं वळतं, यावरून ते घर आहे की कोंडवाडा, हे तिला कळायचं. धड घरातलं पोर जागेवरूनच ‘ओ’ म्हणून ओरडतं आणि हातातला खेळ काही सोडत नाही. मार खाणारं पोर पळत येतं, मान खाली, हात पाठीमागं. उपाशी पोर येतं ते तुमच्या तोंडाकडं बघत नाही, हाताकडं बघतं.

वीस वर्षं तिनं हेच केलं. कोल्हापुरातल्या एका बालगृहात काळजीवाहक म्हणून लागली तेव्हा पोरांची मुतलेली अंथरुणं वाळत घालायची, उवा काढायची. मग शिकली, लढली, आणि आता जिल्ह्यातल्या असल्या संस्था पोरांना सांभाळतात की नुसतं भरून ठेवतात, हे बघणाऱ्या पथकात आली. झोपायच्या खोल्यांच्या बाहेरच्या कड्या तिनं स्वतः उभं राहून काढायला लावल्या. आंघोळीच्या बंबाला कठडे घालायला लावले. त्यावरून संस्थावाले तिला मागं ‘कडीवाली’ म्हणायचे. म्हणोत. बाहेरून कडी लागते त्याला खोली म्हणत नाहीत, एवढं साधं ज्यांना सांगावं लागतं, त्यांनी ठेवलेल्या नावाचं काय घ्यायचं?

मुरगूडच्या पुढं, तिन्ही बाजूंनी ऊस असलेल्या त्या बालगृहात मात्र तिची रीत चालेना.

आदल्या दिवशी दुपारपासून तिथला ऋतुराज सापडत नव्हता. नऊ वर्षांचा, महिन्याभरापूर्वी आलेला. पोलीस त्याचा फोटो घेऊन निपाणीच्या आणि कोल्हापूरच्या स्टँडवर फिरत होते. पवित्रा येऊन पोचली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. अधीक्षक गणपतराव फाटकातच भेटले. मोठं पोट, मोठा आवाज, आणि जिभेवर कायम साखर.

“या म्याडम. आधी वाईच च्या घ्या. पोरगं काय, पळालं.”

“कुणी बघितलं पळताना?”

“बघायचं काय त्यात? उसात शिरलं, पल्याड रस्त्याला लागलं, मिळंल त्या ट्रॉलीवर बसलं. हंगाम चालू हाय, ट्रॉल्यास्नी काय तोटा? पोरं पळत्यातच की. तीन सालामागं सम्राट न्हाय का पळाला, ह्याच उसातनं. अजून पत्त्या न्हाय त्याचा.”

सम्राटचं पुढं काय झालं, हे त्यांनी ‘दूध नासलं’ म्हणावं तितक्या सहज सांगितलं.  असल्या माणसाशी भांडायचं ते नंतर. आधी पोरगं.

ती अंगणाच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. लांब कुठल्या तरी गुऱ्हाळावरून गुळाचा वास येत होता. पंचवीस-तीस पोरं अंगणात होती, आणि तरी अंगण गप्प होतं. पोरं खेळत होती, पण खालच्या आवाजात, जणू शेजारच्या घरात कुणी आजारी आहे.

“तो निळ्या शर्टातला कोण?” तिनं विचारलं.

“अमरेश. नेसरीकडचा.”

“अमरेश,” तिनं हाक मारली.

पोरगा दोरीवर टॉवेल टाकत होता. त्याचे हात थांबले. मान मात्र वळली नाही. त्याला ऐकू गेलं होतं, यात काही शंका नव्हती. त्याचे कान लाल झालेले तिला एवढ्या लांबून दिसले.

“अमरेश.”

आता सगळं अंगण थांबलं. विटीवर दांडू उगारलेला पोरगा तसाच राहिला. गोट्या खेळणाऱ्यांची बोटं मातीत तशीच टेकली. एकानंही तिच्याकडं बघितलं नाही. सगळी पोरं जमिनीकडं बघत होती आणि कशाची तरी वाट बघत होती. वीस वर्षांत तिनं मारानं वाकलेली पोरं बघितली होती, भुकेनं वाळलेली बघितली होती. पण हे असलं काही बघितलं नव्हतं. भर उन्हात तिच्या दंडावर काटा आला.

“अमरेश,” ती तिसऱ्यांदा म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला परका वाटला.

“ओ,” अमरेश म्हणाला आणि वळला. चक्क हसत. विटी उडाली, गोट्या घरंगळल्या, अंगण पुन्हा सुरू झालं.

“पहिल्या हाकेला का रे नाही ओ दिलीस?”

त्यानं एकदा स्वयंपाकघराकडं बघितलं. “असंच.”

तिनं दुसऱ्या एका पोराला हाक मारून बघितली. तेच. दोनदा दगड, तिसऱ्यांदा पोर. गणपतराव मागं उभे राहून कौतुकानं बघत होते.

“शिस्त हाय आमच्यात. लगीच उलटून ओ देत न्हाईत.”

“ही शिस्त कुणी लावली?”

“लागली आपोआप,” ते म्हणाले आणि चहाचं पुन्हा काढलं.

तेवढ्यात कुणीतरी दांडूनंच एक चेंडू टोलवला. तो अंगण ओलांडून, इमारतीच्या कोपऱ्यावरून मागं गेला. एकही पोर त्याच्यामागं धावलं नाही. ज्यानं टोलवला तो खाली बसला, दांडू मांडीवर घेतला, आणि खेळ मोडला.

“चेंडू आण की,” पवित्रा म्हणाली.

“ऱ्हाऊ दे.”

“अरे, हितंच तर गेलाय.”

“ऱ्हाऊ दे ओ ताई.”

चेंडू गेला आणि पोरं बसून राहिली, हे तिला पटेना. पोर चेंडूसाठी गटारात हात घालतं, भिंतीवरून उडी मारतं, शेजारच्याच्या शिव्या खातं. ती कोपऱ्यावरून मागं गेली. मागं गुडघाभर गवत होतं, त्याच्या शेवटी विटांचं एक जुनं उंच धुराडं उभं होतं, आणि धुराड्याच्या अलीकडं गवतात चेंडू पडले होते. एक नव्हे. कितीतरी. पिवळे, लाल, उन्हानं पांढरे पडलेले, पावसानं फुगून फाटलेले, एक तर मुंग्यांनी पोखरलेला. दोन-तीन वर्षांचे खेळ तिथं येऊन मेले होते.

“हे काय आहे?”

गणपतराव धापा टाकत मागून आले. “जुनं गुऱ्हाळ हो. संस्थेनं जागा घेतली तवापासनं बंद हाय. काहील नेली इकून, खाली चुलवाण ऱ्हायलंय. पत्रा टाकलाय वरनं.”

चुलवाण म्हणजे गुळाच्या काहिलीखालची भट्टी. नेसरीकडं पवित्राच्या आजोळी गुऱ्हाळ होतं. तिला ते माहीत होतं. दोन पुरुष खोल विटांचा खड्डा, एका अंगाला चिपाडं सारायचं तोंड, दुसऱ्या अंगाला धुराड्याकडं जाणारं भुयार.

“आणि ह्याला कुंपण?”

“गरजच न्हाय पडली. पोरं मेली तरी हिकडं येत न्हाईत.” गणपतराव हसले. “तानाबाईनं सोय करून ठेवलीया. तिला इचारा.”

तानाबाई स्वयंपाकीण. पोरं तिला मावशी म्हणत. तिनं हात पदराला पुसले आणि मोठ्या हौसेनं सांगितलं. “चुलवाणात एक गडी हाय म्हून सांगितलंय मी पोरास्नी. जळण सारताना आत पडलेला, जळून मेलेला. त्यो हाका मारतोय. ज्या पोराला जवळ बोलवायचं, त्याच्या दोस्ताच्या आवाजात मारतोय. पण दोनदाच. तिसऱ्यांदा मारायला त्याला घसाच न्हाय, जळलाय. म्हून तिसऱ्या हाकेशिवाय कुणाला ओ द्यायची न्हाय. दिली की गेलं.”

“आणि पोरं मानतात?”

“मानत्यात म्हंजे? एक पोरगं तिकडं फिरकलंया का इचारा की. कुठल्या कुंपणानं झालं असतं हे?”

गणपतरावांनी मान डोलावली. दोघांच्याही तोंडावर अभिमान होता. खड्डा बुजवायचा सोडून त्यांनी त्यात भूत बसवलं होतं, आणि भूत फुकट राखण करत होतं. पवित्राच्या तोंडात शिवी आली, ती तिनं गिळली, कारण त्याच क्षणी तिला ऋतुराज आठवला.

ती अंगणात परत आली, अमरेशसमोर उकिडवी बसली. आईकडच्या बोलीत धाकट्या भावाला म्हणतात तसं म्हणाली, “तम्मा, खरं सांग. काल तिकडून हाक आली होती?”

पोरगा स्वयंपाकघराकडं बघू लागला.

“मी मारणार नाही, मावशीला सांगणार नाही.”

“आलती.”

“कुणाच्या आवाजात?”

अमरेशनं ओठ चावला. “ऋतुराजच्या.”

मागची पोरं जवळ सरकली होती. त्यातलं एक म्हणालं, “त्यो ऋतुराज न्हवता ओ. त्यो सगळ्यांच्या आवाजात बोलतोय.”

“काय म्हणाला?”

“माझंच नाव घेतलं,” अमरेश म्हणाला. “अमऱ्या म्हणाला. ऋतुराज म्हणतोय तसंच. वरनं आली हाक, धुराड्यातनं. दोनदा. मग आम्ही आत पळालो, कानात बोटं घालून पडलो. तिसरी ऐकायला थांबलोच न्हाय.”

पवित्रा पळाली. चप्पल गवतात राहिली. धुराड्याच्या पायाशी रानवेलीनं झाकलेला पत्रा होता, गंजून चाळण झालेला, आणि मधोमध एक भोक. वेल त्या भोकात ओढल्यासारखी आत गेली होती. ती पालथी पडली, भोकाला तोंड लावलं. आतून राखेचा, ओल्या चिपाडाचा वास आला. डोळ्यांत अंधाराशिवाय काही शिरेना.

“ऋतुराज.”

आवाज खाली गेला, भुयारात फिरला आणि वर धुराड्यातून बाहेर पडला. तिच्या डोक्यावर, आभाळात कुणीतरी तिच्याच आवाजात ऋतुराज म्हणालं.

काही नाही.

“ऋतुराज.”

काही नाही. उसात वारा फिरला, तुरे हलले, थांबले.

“बघितलंसा न्हवं?” गणपतराव मागून म्हणाले. “काय न्हाय तिथं. उठा म्याडम, इच्चू-काटा असतोय. ‘पळून गेला’ म्हून लिहून टाकू, पोलीस बघत्यात काय ते.”

ती उठली. गुडघ्याची माती झाडली. दोन पावलं आलीसुद्धा. समोर कोपऱ्यावर सगळी पोरं भिंतीला चिकटून उभी होती, आणि त्यांच्या तोंडावर तेच होतं, मघा अंगणात होतं ते. जमिनीकडं बघणं. वाट बघणं.

खालचं पोरही ह्याच घरातलं होतं.

ती परत फिरली, पत्र्यावर आडवी झाली आणि असेल नसेल तेवढा जीव गोळा करून ओरडली, “ऋतुराज.”

थोडा वेळ गेला. मग धुराड्याच्या टोकातून, अगदी वरून, चिमणीच्या पिल्लाएवढा आवाज आला.

“ओ.”

मागं पोरं एकमेकांच्या अंगावर पडत पळाली. गणपतरावांचा हात छातीवर गेला. पवित्रानं दोन्ही हातांनी पत्रा उपसायला घेतला. बोटं फाटली ते तिला संध्याकाळी कळलं.

शेजारच्या फडात ऊसतोड चालू होती. टोळीतले दोन गडी दोर घेऊन आले, एक आत उतरला, आणि ऋतुराज वर आला. काळाकुट्ट, ओठ फुटलेले, उजवा पाय नको तिथं वाकलेला. शर्टाच्या आत मांजराचं पिल्लू. मांजरीनं चुलवाणात पिल्लं घातली होती. मांजर जाते-येते, तिला तो जळका गडी काही करत नाही, म्हणून ह्यानं दुपारचा भात नेला होता, आणि पत्रा मोडला होता.

पवित्रानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, चमच्यानं पाणी पाजलं. “काल लोक तुला हाका मारत फिरत होते. आल्या नाहीत कानावर?”

“आल्या.”

“मग?”

“एकदा मारायची, फुडं जायची. मला वाटलं, त्योच हाय.” त्यानं डोळे मिटले. “मी पण मारल्या की. अमऱ्यानं ओ दिली न्हाय.”

वर असलेले खालच्याला भूत समजले आणि खालचा वरच्यांना. मधे एक गंजका पत्रा. जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र.

रुग्णवाहिका आली, ऋतुराजला स्ट्रेचरवर घेतलं. आत सरकवताना त्यानं पवित्राचा पदर धरला. “ताई, खाली एक चप्पल हाय.”

“आणते हं तुझी चप्पल.”

“माझ्या दोन्ही पायात हायत की.” खरंच होत्या. “ती दुसऱ्या कुणाची तरी हाय. जुनी. बारकी हाय.”

दार लागलं, गाडी गेली. पवित्रा तिथंच उभी राहिली. मग सावकाश स्वयंपाकघरात गेली.

तानाबाई चुलीपुढं बसली होती. चूल विझलेली होती. मघाची हौस तिच्या तोंडावरून कुणीतरी पुसून घेतली होती.

“मला काय म्हाईत पोरगं आत हाय,” ती म्हणाली. “मी त्यांच्या भल्यासाठीच...”

“ते राहू दे. मला एवढंच सांग, दोनदाच का? भूत दोनदाच हाक मारतं, हे कुठून काढलंस?”

“काढतीया कुठनं? तसंच झालतं की.”

“काय झालं होतं?”

“पोरंच आलती माझ्याकडं. दिवस मावळताना. म्हणली, मावशी, धुराड्यातनं कोण तर हाक मारतंय. मी मोठ्या सायबास्नी सांगितलं. ते म्हणले, वारं असंल, पोरास्नी नादाला लावू नको. मग मी पोरास्नी म्हटलं, भूत हाय, ओ देऊ नका, आत बसा. दुसऱ्या दिशी परत आली. हाक आली म्हणली, पण बारीक. मी म्हटलं, गप बसा. तिसऱ्या दिशी मीच इचारलं, आली का रं? न्हाय म्हणली.” तिनं नाक पुसलं. “म्हून मी सगळ्यास्नी सांगितलं, भिऊ नका, दोनदाच मारतंय त्ये, तिसऱ्यांदा न्हाय...”

“हे कधीचं?”

“लई दिस झालं. त्यो सम्राट पळाला न्हाय का, त्याच आठवड्यात...”

ती थांबली. हातातला चिमटा खाली पडला. तो उचलायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

दारात गणपतराव होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आवाजातली साखर विरघळून गेली होती, तरी माणूस तोच. “म्याडम,” ते म्हणाले, “झालं ते झालं. पोरगं मिळालं की आजचं. आता जुनं कशाला उकरून काढायचं?”

“उकरायचंच हाय,” पवित्रा म्हणाली. इतक्या वर्षांत ती कामावर असताना असं गावाकडचं बोलली नव्हती. “तुम्ही हितनं हलायचं न्हाय. त्या बाईनं निदान पोरांचं ऐकलं तरी. तुमच्या कानापर्यंत हाक येऊन परत गेली.”

तिनं पोलिसांना फोन केला, बालकल्याण समितीला केला. समितीतल्या बाई म्हणाल्या, उद्या सकाळी बघू. पवित्रा म्हणाली, आत्ता. एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

ऊन उतरलं. पोलीस आले, टोळीतले गडी पुन्हा आले, पत्रा सगळा काढला. बॅटरी घेऊन एक हवालदार आत उतरला आणि भुयाराच्या तोंडाशी वाकला. बराच वेळ वाकून राहिला. वर आला तेव्हा त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. 

पोरं पायरीवर बसून होती. त्यांना आत न्या, असं एक पोलीस म्हणाला. पवित्रा म्हणाली, “नको. तीन वर्षं आतच ठेवलीत त्यांना.” ती त्यांच्यात जाऊन बसली. बोटांना चिंध्या बांधलेल्या. पोरांना काय सांगायचं, याचे धडे तिनंच शंभर ठिकाणी दिले होते. त्यातला एकही आठवेना.

“चुलवाणात भूत नव्हतं,” ती म्हणाली. “कधीच नव्हतं. तिथं एक पोरगा होता. सम्राट.”

कुणी रडलं नाही. लहानातलं लहान पोर तिच्या गुडघ्याला चिकटलं. अमरेश धुराड्याकडं बघत होता.

“मला ठावं हाय त्यो,” तो म्हणाला. “मी बारका होतो. मला गोट्या द्यायचा.” मग म्हणाला, “ताई, आता हाक आली तर ओ द्यायची?”

“द्यायची.”

“कितव्या हाकेला?”

“पहिल्या.”

सूर्य उसाच्या तुऱ्यांत टेकला. खालून वारं सुटलं, गवतातून आलं, चेंडू थोडे थोडे हलले. आता चुलवाणाचं तोंड उघडं होतं. वारं त्यात शिरलं, भुयारात फिरलं आणि वर धुराड्याच्या टोकातून बाहेर पडताना एक आवाज झाला. लांबट. बारीक. पवित्राला कळत होतं की ते वारं आहे. तीन वर्षांपूर्वी गणपतरावसुद्धा तेच म्हणाले होते.

ती पोरांकडं वळली, त्यांना तसं सांगायला.

पण पायरीवरची सगळी पोरं उभी राहिली होती. मान वर करून, धुराड्याकडं बघत, सगळ्यांनी एकदमच ओ दिली.